काकूंच्या घरावरचा शेरा

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या संस्थेचा दरडींचा नकाशा पोलादपूरच्या संस्थेच्या ऑनलाइन खात्यात न्यायचा होता. त्यासाठी इतरांनी लिहून ठेवलेल्या कोडची तयार लायब्ररी मिळाली. चार ओळी लिहिल्या, दहा मिनिटांत सगळं तिकडे गेलं. सगळं म्हणजे नकाशावर वेगळा चढवून लपवलेला माझा लेअरसुद्धा. सर्व्हे करताना घराघरावर टाकलेले माझे खासगी शेरे. ‘कुत्रं सुटं असतं’, ‘चहा फुळकवणी’. आणि शिवथरच्या काकूंच्या घरावर ‘एक तास जातो’. लपवला होता ना मी? मग तिकडे उघडा कसा पडला?

पोलादपूरचा नकाशा सगळ्यांना खुला. काकूंच्या लेकीने त्यांच्या घरावरचा शेरा मोबाईलवर वाचला. आज काकूंचाच फोन. “माज्या घरावर एक तास जातो असं कुनी लिवलंय रे? मी काय एवढी बोलते?”

“नाय काकू,” म्हटलं. पुढे मला बोलायला मिळालंच नाही. फोन ठेवला तेव्हा सव्वा तास झाला होता.

शेरा दुरुस्त करायला हवा.