फेंड शिकवताना नाकाला लागलं त्याचं

सौ. वैष्णवीवैनींच्या पायाशी, सोलापुरातून प्रभूचा नमस्कार.

आप्पांचा गुडघा, तुमची कंबर आणि मेंढ्यांचे खूर ह्यांना आता उतार असेल असं धरून चालतो. माझा फोन फुटलाय, म्हणून पत्र. (कसा, ते पुढं येतंयच.)

आप्पांनी दिलेली मुदत तुम्हाला ठाऊक आहे: दिवाळीपर्यंत एकट्याच्या बळावर पोट भरून दाखव, नाहीतर मेंढरांमागं परत ये. तर भवानी पेठेत सोमशेखर सरांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास आहे, तिथं मला एक तास शिकवून दाखवायचा होता; जमलं तर नोकरी. समोर भाकरीवाल्या बायकांची तुकडी, आणि मी शब्द निवडला 'फेंड'. म्हणजे अंगावर येणारं परतवणं. मूळ लॅटिन, तिथं अर्थ मारणं, ढकलणं. फ्रेंचांकडून तो 'डिफेंड' होऊन इंग्रजांकडं आला आणि त्यांनी त्याचं मुंडकं छाटलं. (आपण शेपूट छाटतो, वैष्णवीचं वैशू. दादा तुम्हाला अजून वैशूच म्हणतो का?) पुढं त्याला दुसरा अर्थ फुटला: कुणाच्या आधाराशिवाय आपलं आपण भागवणं. हा मी फळ्यावर दोनदा लिहिला. आप्पांना आवडला असता.

पहिला अर्थ करून दाखवावा म्हणून मी दोन्ही हात तोंडासमोर धरले आणि गंगम्मामावशींना म्हटलं, मारा. रोज दोनशे भाकऱ्या थापणारा हात, धास्ती होतीच. पण त्या जागच्या हलेनात.

“मास्तरवर हात कसा उचलू? पाप लागतंय की.”

सर दारातून बघत होते, म्हणून मी आग्रह धरला. मग त्या म्हणाल्या, आधी पाया पडून माफी मागते, मग मारते. आणि वाकल्याच. आता आईच्या वयाची बाई पाया पडतेय म्हटल्यावर कोण तोंडासमोर हात धरून उभा राहील? मी त्यांना आवरायला वाकलो, त्याच वेळी त्या उठल्या, आणि त्यांचं डोकं माझ्या नाकावर. मी बाकावर पडलो, फोन माझ्याखाली. (नमस्कार कसा परतवावा हे डिक्शनरीत दिलेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी नाक बघायला तुकडी पूर्ण हजर, वर दोन नव्या बायका. नोकरी पक्की. तेव्हा आप्पांना सांगा, पोरगा आपलं आपण भागवतोय.

तुमचा,
प्रभू

ता. क. दोन्ही वेळचं जेवण गंगम्मामावशी धाडतात. चावलं की नाक दुखतं, म्हणून कडक भाकरी दुधात कुस्करून. हे आप्पांना नको.

ता. क. दुसरा. मास्तरला लागलं म्हणून रविवारी त्या सांगोल्याला आप्पांची माफी मागायला निघाल्यात. बोलताना जेवणाचंही सांगतील, आणि मग मी मेंढरांमागं. त्यांना एसटी स्टँडवरच गाठा, चहा पाजून परतीच्या गाडीत बसवा. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. तिसरा. टपाल रविवारच्या आत पोचेलसं वाटत नाही, म्हणून पत्र मावशींच्याच हाती घरपोच धाडतोय. आप्पा ओसरीवर बसलेले असले तरी थेट तुमच्याच हातात द्या, असं त्यांना बजावलंय.