कडी आतून

सोमवार
पोचले एकदाची. नातीचं घर म्हणजे नुसता उजेड. दारातच गळ्यात पडली, म्हणाली, आजुडी, आता तुझी सुटका नाही. मला आजुडी म्हणणारी जगात ही एकटीच. काम काय करते, तर कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढतात ना, त्या प्रोग्रामात हवी तशी खिडकी बसवायची सोय सुधारते. म्हणजे सुतारकामच, पण रंधा नाही न् भुसा नाही. मी जेमतेम चौथी शिकलेली, मला कौतुकच. गुडघा बरा आहे, ते लिहायचं राहिलंच.

मंगळवार
माझ्या खोलीची एक भिंत कोरी आहे. पलीकडे नुसती हवा, पाचवा मजला. नात म्हणाली, आपल्याच घराच्या नकाशात तुला खिडकी बसवते, माझी चाचणीही होईल. मी सांगितलं, तीन तावदानं, वर कमान, आणि कडी आतून. काढली हो हुबेहूब, पण कडी बाहेरून. म्हणाली, माणसं राहतात ती आतली बाजू, असं प्रोग्राम धरतो. मी म्हटलं, मग आपण काय कबुतरं? पोट धरून हसलो.

बुधवार
परत बसवली, परत कडी पलीकडे. त्या काचेत आता कुणीतरी पाठमोरी बसलेली दिसते. अंबाडा माझ्यासारखा. नात म्हणाली, यात माणसं घालताच येत नाहीत. आज हसली नाही.
भिंतीला टेकले तर गार लागली. काचेसारखी.

गुरुवार
खिडकी भिंतीत आहे. खरीखुरी. पलीकडे हवा नाही, हीच खोली. माझी खाट, उशीवर माझा चष्मा. कडी त्या बाजूला. नातीनं नकाशातली खिडकी पुसली. भिंतीतली आहेच.
संध्याकाळी ती काचेला कपाळ टेकून उभी होती. हाक मारली, बराच वेळ वळली नाही.

शुक्रवार
सकाळी म्हणाली, जमलं, कडी आली आपल्या बाजूला. खरंच आली. जीव भांड्यात पडला. ती चहा टाकायला गेली. मग लक्षात आलं— सकाळपासून मला आजी म्हणतेय. नुसतं आजी.

काचेपलीकडे नात उभी. तळवे काचेवर. आवाज येत नाही, ओठ कळतात. आजुडी.

डाव्या हातानं कडी ओढतेय. गच्च आहे. स्वयंपाकघरातली विचारतेय, आजी, तिकडे काय करतेस— चहाचा वासच नाही घरात— पावलं आली— कडी हलली, थोडी अजून सर—