चार किलोमीटरची गाडी आणि आत्याचा गुडघा

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (पदवीच्या तीन वर्षांत आम्हाला संपादकांना, प्राचार्यांना आणि बँकेच्या व्यवस्थापकांना पत्र कसं लिहायचं ते शिकवलं, आत्याला लिहायचं राहिलं. मायना चुकला असेल तर सांभाळून घे.) इकडे सगळे ठीक आहेत. तुझा गुडघा कसा आहे? चार महिने दर मंगळवारी तिचा कारखाना अर्ध्या दिवसाने सुटला की आई तुझ्या गुडघ्याला तेल चोळायला येते आणि घरी परतते तेव्हा तिचेच खांदे आखडलेले असतात. त्यामुळे दुखणं बरंच जुनाट असावं अशी माझी समजूत होती. गुडघ्याकडे मी पुन्हा येणारच आहे. हे सगळं फोनवर बोलता येत नाही, कारण आपल्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि बाबा शेजारी.

पत्राचा विषय दुसरी गाडी. पहिली म्हणजे बाबांची व्हॅन, तिच्यात मागे कुणाचा तरी बिघडलेला फ्रिज असतो आणि पुढे त्याचा वास. आईला गणवेशांच्या कारखान्यात कटिंगची प्रमुख केल्यापासून शटरची किल्ली तिच्याकडे असते. सकाळी आठला शटर वर गेलं नाही की अकरा बायका डबे घेऊन फुटपाथवर उभ्या राहतात. अंतर चार किलोमीटर. दोन बस बदलाव्या लागतात आणि त्यातली दुसरी मनाला येईल तेव्हा येते. म्हणून बाबा सोडतात. पण फ्रिज काही सांगून बिघडत नाहीत. सातला कुणाचा फोन आला की बाबा "हा आलोच" म्हणून निघतात, आणि त्यांचं आलोच किती लांबतं ते तुला तुझ्या लग्नापासून ठाऊक आहे. गेल्या महिन्यात पाच वेळा उशीर झाला. मालकीणबाईंनी आवाज न चढवता सांगितलं, असंच चाललं तर एक तारखेपासून किल्ली दुसरीकडे देऊ. किल्ली गेली की कटिंगचं टेबल गेलं आणि सोळा वर्षांनंतर आई पुन्हा काजं-बटणांवर. हे आम्हाला सांगताना ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एकाच टॉवेलची तिने तीनदा घडी घातली.

बाबा म्हणाले, छोटी गाडी घेऊ, पेट्रोल कमी पिणारी, आणि कोणती ते ही ठरवेल, शिकलीय कशाला. (घरातली पहिली पदवी माझी, म्हणून वीजबिलापासून विम्यापर्यंत सगळे कागद माझ्यापुढे येतात. माझा विषय समाजशास्त्र होता हे कुणी मनावर घेत नाही.) माझं पहिलं मत सायकल असं होतं. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी दुसऱ्या मतावर आले. मग पंधरा दिवस घरातल्या प्रत्येकाच्या फेऱ्या वहीत टिपल्या (चहाच्या टपरीवरच्या दोन फेऱ्या बाबांनी "फ्रिजची पाहणी" म्हणून लिहायला लावल्या). नऊ गाड्या आणि चौदा रकाने झाले: छोट्या पल्ल्यात किती जळतं, गल्लीत वळते का, सुटे भाग मिळतात का, धूर किती, असे. बावीस पानांचा अहवाल झाला, त्यात हवेच्या भवितव्यावर दीड पान प्रस्तावना. बॅटरीवरची गाडी पहिली आली होती, पण आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालपर्यंत वायर सोडली तर आपण किती जणांचं वाळत घातलेलं धुणं ओलांडू ते बाबांनी मोजून दाखवलं. तुझी गाडीही मी प्रामाणिकपणे यादीत धरली होती. ती नववी आली. वय एकोणीस, डावी काच हाताने ढकलल्याशिवाय खाली जात नाही, आणि 'दिसणं' या रकान्यात मी तिला शून्य दिलं. राग मानू नकोस, अहवाल नातं बघत नाही.

आईने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, ओळीखाली बोट धरून. मग म्हणाली, "छान लिहिलंयस. पण चालवणार कोण, ते कितव्या पानावर आहे?"

ते कुठेच नव्हतं. बाबा म्हणाले, ही सोडेल की आईला, परवाना आहे तिच्याकडे. आहे. (परीक्षेच्या दिवशी शेजारी शिकवणारे सर बसले होते आणि त्यांच्या पायाखालीही एक ब्रेक होता. मला गाडी येते असं मी घरात कधी म्हटलं नाही. येत नाही असंही म्हटलं नाही, एवढंच.) आईचं नाव कुणाच्या ओठांवर आलं नाही, कारण दहा वर्षांपूर्वी बाबांनी तिला व्हॅन शिकवायला घेतली होती आणि मोठ्या चौकाच्या मधोमध ते तिच्यावर ओरडले होते. तिने गाडी तिथेच थांबवली, उतरली आणि चालत घरी आली. बाबा शेजारच्या सीटवर, मागे फ्रिज, आणि चारही बाजूंनी हॉर्न. तेव्हापासून तो विषय घरात निघत नाही.

रविवारी आम्ही यादीतली दुसरी गाडी चालवून बघायला शोरूममध्ये गेलो. मी स्टिअरिंगवर, शेजारी टाय लावलेला विक्रेता, आईबाबा मागे. गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा निघाली, पण मागे, आणि फाटकाजवळच्या कुंडीला टेकली. (कुंडी सिमेंटची होती म्हणून वाचली.) विक्रेत्याचं हसू टायच्या गाठीइतकंच पक्कं होतं. तेवढ्यात मागून आई म्हणाली, "उतर."

तिने सीट दोन घरं पुढे ओढली, आरसा नीट केला, पर्समधून मापाच्या टेपखालून एक कार्ड काढून विक्रेत्याला दाखवलं. मी डोकावून पाहिलं. परवान्यावरच्या फोटोत आईच्या कानांत तुझ्या हिरव्या खड्यांच्या कुड्या होत्या. मग ती फाटकातून बाहेर पडली, त्याच चौकाला पूर्ण वळसा घालून परत आली आणि दोन गाड्यांच्या मध्ये एका दमात मागे घेऊन लावली. प्रत्येक गिअरला ती पुटपुटत होती, घाई कुणाला आहे, घाई कुणाला आहे. हे वाक्य मी आजवर फक्त तुझ्या तोंडून ऐकलंय.

बाबांनी पूर्ण वेळ पुढची सीट दोन्ही हातांनी धरली होती. उतरताना त्यांनी विचारलं, "कुणी शिकवलं?"

"सोळा वर्षं तुमच्या शेजारी बसतेय," आई म्हणाली. "बघून बघून आलं."

संध्याकाळपर्यंत बाबांनी ही गोष्ट दोन शेजाऱ्यांना आणि एका फ्रिजवाल्या गिऱ्हाइकाला सांगितली होती. आपल्या शिकवण्याचा परिणाम जरा उशिरा दिसतो, एवढंच, असं त्यांचं म्हणणं. विक्रेत्याला किल्ली परत देताना आई म्हणाली, गाडी चांगली आहे, पण हिचा क्लच माझ्या ओळखीचा नाही. भांडी घासताना तिने मला बाकीचं सांगितलं. तुझा गुडघा आयुष्यात कधी दुखलेला नाही, हेही.

सगळ्यांचा नमस्कार. दोन्ही गुडघ्यांना जप.

तुझी शिकलेली भाची

ता. क. मी अहवालाला पंधरावा रकाना जोडला: 'क्लच आईच्या ओळखीचा आहे का'. आठ गाड्यांपुढे 'नाही' आलं, एकीपुढे 'हो'. त्यामुळे तुझी गाडी पहिली आली. तू निवृत्त झाल्यापासून ती बाहेर निघत होती ती फक्त मंगळवारी, आणि आधीच बनलेली गाडी पुन्हा बनवावी लागत नाही, म्हणजे माझी हवेवरची प्रस्तावनाही टिकते. एक तारखेच्या आत देशील का? तू दिलीस तर बाबा घेणार नाहीत. म्हणून दारात अडगळ झालीय, तेवढी उचलून ने, असं त्यांच्यावर खेकस. बहिणीने खेकसलं की ते काहीही उचलतात.

दुसरा ता. क. येत्या रविवारी बाबा गुडघ्याला बांधायचा पट्टा घेऊन तुला बघायला येणार आहेत. आईने त्यांना डावा सांगितलाय, मी उजवा. त्या दिवशी शक्यतो उठूच नकोस.

तिसरा ता. क. आणि गुडघा बरा झाला असं बाबांना इतक्यात सांगू नकोस. गाडी इकडे आली तरी मंगळवारी ती तुझ्याकडे येईल. आई मला आणून सोडेल, आणि तेल चोळायला यापुढे मी येईन. फाटकाजवळच्या कुंड्या तेवढ्या आत घेऊन ठेव.