तांब्यातली सही

३ मार्च, सोमवार, सकाळी ११:२०
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. याच मिनिटाला कंपनीच्या नव्या प्रमुख यादिराबाईंनी चार माणसांदेखत माझ्या सर्किट बोर्डाला अशक्त म्हटलं. इन्क्युबेटरचा बोर्ड, निवृत्तीआधीचा माझा शेवटचा. आता त्यावर जास्त वीज खाणारी चिप बसवायची आहे, म्हणून मला सल्ल्याला बोलावलं होतं. यांच्या संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये म्हणे चिपपर्यंत पुरतं व्होल्टेज पोचत नाही. बोर्ड नव्याने आखणार. म्हणजे बोर्डाच्या तांब्यात कोरलेली माझी सही जाणार.

कंपनीला तक्रारीचं तीन पानी पत्र धाडलं.

५ मार्च, राखेचा बुधवार
कपाळाला राख, ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस सुरू. संकल्प: ईस्टरपर्यंत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही.

दुपारी ४. यादिराला सोल्डरिंग आयर्न धरता येत नाही. हे वाईट बोलणं नव्हे, माहिती आहे.

७ मार्च, शुक्रवार
पत्राला उत्तर नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलेल्या बाल्तासारने कापिरोतादा, म्हणजे उपवासातला पावाचा गोड पदार्थ, खायला बोलावलं. वीज पाण्यासारखी असते, वाट अरुंद झाली की तुंबते, असं मलाच शिकवायला लागला. मी म्हटलं, एकतीस वर्षं नुसत्या नजरेने कपॅसिटर बसवले, एक बोर्ड परत आला नाही. (१९९८चा आला. तो दमट हवेमुळे.) तो म्हणाला, सिम्युलेशनचं चित्र एकदा बघ तरी. बघणार नाही. बघणं म्हणजे कबुली.

१० मार्च, सोमवार
बघितलं. फक्त चुका काढायला. वीज वाहून नेणारा तांब्याचा अख्खा थर निळा, चिपच्या तोंडाशी तेवढा लालभडक. तांबं तिथेच कापलेलं, वीज उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून जाते. कुणी कापलं, मी कडाडले. यादिराने चित्र मोठं केलं आणि हळूच म्हणाली, "डोन्या ओब्दुलिया, तुम्हीच वाचा."

दोन रोमन ओ, तांबं कापून कोरलेले. ओब्दुलिया ओरोस्को. मोठे, गोल, शाळेतल्या नन मादर एस्कोलास्तिकांनी गिरवून घेतले होते तसे. सही नसलेलं काम अनाथ, असं त्या म्हणत.

माझ्याबरोबर आलेला बाल्तासार छताकडे बघत होता.

११ मार्च, सकाळी ९
कंपनीला दुसरं पत्र, अर्धं पान. एक: लाल रंगात अक्षर अतिशय वळणदार उमटलं आहे, त्या चित्राची प्रत मिळावी. दोन: नव्या बोर्डावर माझी सही असावी. कडेला, नुसत्या पांढऱ्या शाईत, तांब्याला धक्का न लावता. उंची सहा मिलिमीटर. (चारही चालतील. दोन वाचता येतात का, ते बघावं लागेल.) लेखी उत्तर शुक्रवार, १४ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे.