शेजारच्या सीटचं वजन

कॅस्पर, वायोमिंग
२ मे

ती. लव्हॉन आत्यास,
ट्रेसाचा सा. न.

पत्र पोचलं. तुझा आणि काकांचा राहायचा ट्रेलर तू मला देतेस हे तीनदा वाचलं, घडी घालून ठेवलं आणि खात्री करायला पुन्हा काढलं. बिगहॉर्नच्या डोंगरातला तंबूतळ सांभाळायचं काम मला मिळालंय. अट एकच, एक जूनला स्वतःच्या ट्रेलरसह हजर व्हायचं. नाही आलीस तर यादीत पुढचं नाव आहे, असं तिथल्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं. आता हवा तो ओढणारा ट्रक, जुना आणि माझ्या ऐपतीतला.

काल पहिला पाहिला. लाल, टायरसुद्धा चमकवलेले. तू शिकवलंस तशी ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी गेले आणि बॉनेटवर हात ठेवला. गरम. थंड इंजिन सुरू होताना कसं कण्हतं ते विक्रेत्याला मला ऐकू द्यायचं नव्हतं. विक्रेता म्हणाला, हा नऊ हजार पौंड ओढतो, ताईंनी काळजी सोडावी. मी दार उघडून चौकटीवरची चिकटपट्टी वाचली. ट्रकवर माणसं आणि सामान मिळून ११८० पौंड, जास्त नाही. ट्रेलरचा दांडा ट्रकच्या पाठीवर जो भार टाकतो तोही त्यातच धरायचा. त्याचं म्हणणं, ती पट्टी आजवर कुणी वाचलेली नाही. मला ते पटलं, म्हणूनच निघून आले.

ट्रेलरवर कंपनीने लिहिलेलं वजन रिकाम्याचं असतं. शेजारच्या मर्लला सांगून तो धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर नेशील का? आहे तसा, भरलेला. आणि दांड्याचा भार वेगळा.

उन्हाळाभर तूही माझ्याबरोबर चल, हे मी चौथ्यांदा लिहिते आहे.

लोभ असावा, काट्याचं वाचून रागावली असशील तरी असावा.

तुझी,
ट्रेसा

अलायन्स, नेब्रास्का
७ मे

चि. ट्रेसास,
अ. उ. आ.

रागावले होतेच. तुझ्या ऑरिन काकांनी अकरा वर्षं हाच ट्रेलर घाटांतून ओढला, कुठलीही पट्टी न वाचता. एकदा उतारावर चाकांतून धूर निघाला तेव्हा म्हणाले, डोंगरातलं धुकं आहे. मी मान डोलावली. तुझ्या पत्राने ते धुकं आठवलं, म्हणून मर्लला हाक मारली.

तुला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरलं तेव्हा वाचन तुझ्या आईकडे आणि गणित माझ्याकडे आलं. याच टेबलावर तू बटाटे तोलायचीस. नियम आठवतो ना? अंदाज आधी लिहायचा, वजन नंतर, आणि चुकलेला अंदाज खोडायचा नाही. माझा अंदाज ५५००. काटा म्हणाला ६९४०, आणि एकट्या दांड्यावर १०६०. काट्यावरच्या माणसाने विचारलं, बाई, आत शिसं भरलंय का. मर्ल हसला. मी नाही हसले.

पुढच्या पलंगाखालचा कप्पा ऑरिन गेल्यापासून उघडला नव्हता. तो उघडला. त्याचे दगड. दर मुक्कामाचा एक, पांढऱ्या रंगाने गाव आणि तारीख लिहिलेला. मला वाटलं होतं पाच-पंचवीस असतील. ट्रेलर जाईल तिथे ते जाणार, एवढं धरून चाल. मर्ल म्हणतो पुढे जड होत असतील तर मागच्या कपाटात भरू.

माझ्या येण्याचं सोड. सत्तरीची बाई म्हणजे बोलणारं सामान.

बाकी क्षेम. आशीर्वाद आहेतच, त्यांना वजन नसतं.

लव्हॉन आत्या

कॅस्पर
१२ मे

ती. आत्यास सा. न.

मर्लला कळकळीने सांग, एकही दगड मागे जाता कामा नये. मागून जड झालेला ट्रेलर उतारावर शेपटी हलवायला लागतो आणि मग ट्रकचं काही चालत नाही. मला याची स्वप्नं पडतात.

पण ट्रक सापडला! नायगार्ड नावाच्या म्हाताऱ्या गुरंवाल्याचा आहे. लवकर गेले, बॉनेट दगडासारखं गार. तो कॉफी घेऊन पायरीवर बसला होता, म्हणाला की अर्धा तास आधी येणाऱ्यांना तो लवकर विकतो. स्वतःच डाव्या कुशीचा पोचा दाखवला, गिअरचं तेल दोनदा बदलल्याचं सांगितलं. मी तेल मोजायची काडी काढून वास घेतला, जळका नव्हता. खाली आडवी होऊन सांगाडा पाहिला. गंज वरवरचा आहे. तुझा ट्रेलर तो आरामात ओढेल, आणि पट्टीवर १६४० आहे.

आता बेरीज. दांडा १०६०, जोडणीचं लोखंड ९०, मी १२८, हत्यारं आणि सामान २५०. उरले ११२. म्हणजे दगड येतील, मात्र माझ्या शेजारी कुणी बसू शकणार नाही. तू नाही म्हणालीस ते बरंच झालं, असं मी स्वतःला सांगते. ते खरं नाही, आणि तू मला खोटं लिहायला शिकवलेलं नाहीस.

नायगार्ड बावीस तारखेपर्यंत थांबेल.

ममता आहे तशी असू दे.

ट्रेसा

अलायन्स
१७ मे

चि. ट्रेसास अ. उ. आ.

तीन दिवस दगड काढत होते. प्रत्येक वाचला. काही गावं मी विसरले होते, तिथली भांडणं नाही.

ट्रेलर उभा असायचा तिथे गवत पिवळं पडून लांबट चौकोन राहिलाय. त्यातच सगळे मांडले, तारखेने. मर्लची बायको म्हणते, फार सुंदर दिसतं. ऑरिनला आवडलं असतं, पण रांग वाकडी आहे म्हणाला असता.

मग पुन्हा काटा. ट्रेलर ६५४०. दांडा ७६०.

मर्ल पावती घ्यायला आत गेला तेवढ्यात मी स्वतः काट्यावर उभी राहिले. अंदाज १५०, लायसन्सवर १९८८ पासून तेच लिहिलंय. काटा वीस-वीसने वाचतो, तो म्हणाला १८०, पर्ससकट. अंदाज खोडलेला नाही. हा आकडा मी ऑरिनलाही कधी सांगितला नव्हता.

एक दगड ठेवलाय, बिगहॉर्नच्या पायथ्याच्या टेन स्लीप गावाचा, मुठीत मावतो. तो त्या पर्समध्येच होता.

बेरीज तू कर.

आत्या

कॅस्पर
२० मे

ती. आत्यास सा. न.

तू बसल्यावरही २३२ उरतात. बेरीज तीनदा केली. चौथ्यांदा करायला बसले आणि वही मिटली.

ट्रक घेतला. शनिवारी दहाला फाटकाशी असेन. बॉनेटवर हात ठेवून बघशीलच, म्हणून आधीच सांगते: या वेळी ते गरम लागेल.

लोभ आता शेजारच्या सीटवर बसून करावा.

ट्रेसा