टाच टेकत नाही

मंगळवार, संध्याकाळ

आज अकोल्याच्या दवाखान्यात व्यायामवाल्या मॅडमनं मले चालून दाखवायले लावलं. घोट्याच्या ऑपरेशनले तीन महिने झाले. हाड जुळलं म्हणतात, मग टाच काहून टेकत नाही? "काका, आधी टाच," ती म्हणे. मले वाटे, टेकवूनच तं राहिलो! भिंतीपर्यंत गेलो, परत आलो. बायको नुसती माझ्या टाचेकडे पाहून राहिली होती.

बाजारात आमी बैल असाच चालवून पाहतो. जरा लंगडला की मी त्याचे दातही न पाहता पुढं जायचो.

येताना बसमधी बायकोले विचारलं, "कसा चाललो?"

"चांगले तं चालले तुमी."

बैल विकणारा बी असंच सांगते.