बाबांच्या शेजारचं स्टूल

प्रिय चिंगे,

मागच्या सफरीत तू ध्रुवाजवळच्या समुद्रतळातून काढलेला गाळ अखेर माझ्या हाती आला. धुतला, गाळला, वाळवला, स्लाइड्स केल्या. तीस वर्षं प्रयोगशाळेत चिखल धुतला आणि घरी येऊन भांडी घासली. आता हातांना दोन्हींतला फरकच कळत नाही. तुम्ही खुशाल शोध लावा, पण आधी कुणीतरी पाणी ओतलेलं असतं हे लक्षात असू दे.

बाबा कसे आहेत, असं तू जहाजावरच्या त्या खरखरत्या फोनवर विचारतेस आणि मी ‘बरे आहेत’ म्हणते. खाणंपिणं ठीक आहे, तेवढ्यापुरते बरेच आहेत. पण रोज दुपारी ते खिडकीशी उभे राहतात. शाळा सुटली, चिंगी अजून कशी आली नाही, म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. ती मोठी झाली, जहाजावर आहे, असं सांगितलं की माझ्यावरच चिडतात. एकदा रस्त्यावर धावत गेले आणि एका परक्या मुलीचा हात धरला. तिची आई काय काय बोलली ते तुला सांगत नाही. तेव्हापासून मी दाराला आतून कुलूप लावते.

जेवणाच्या टेबलासमोरचा तुझा पदवीचा फोटोही उतरवला. ही बाई आपल्याकडे सारखी का बघते, असं विचारायचे.

तुला आठवतं, बाबा आमच्याच प्रयोगशाळेत संशोधक होते तेव्हा, लहानपणी त्यांनी तुला मांडीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली काचेच्या कवचाची ती इवलीशी शैवालं दाखवली होती? काही बर्फाला धरून राहणारी, काही मोकळ्या पाण्यातली. मेली की तळाशी जाऊन बसतात, थरावर थर. एखाद्या थरात नुसती मोकळ्या पाण्यातलीच सापडली, तर समजायचं, तेव्हा बर्फ गेला होता. तू विचारलंस, आपण चाललोय हे बर्फाला कळलं होतं का? किती हसले होते तेव्हा. मला आता ते आठवलं की रडू येतं.

परवा त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. घरी कुणाच्या भरवशावर ठेवणार? साहेबांनी नाक मुरडलं, पण बसू दिलं. दोघांनी एकाच वेळी बघायचा तो जुना मायक्रोस्कोप मोकळाच होता. तुझ्या गाळाच्या स्लाइड्स थराथरानं एकेक करून लावल्या. बाबांनी चाक फिरवलं आणि चिंगे, चित्र पहिल्याच झटक्यात स्पष्ट केलं. एकेका शैवालाचं लांबलचक नाव अचूक घेतलं. वरच्या थरांत बर्फवाली भरपूर, सगळ्यात खालच्या थरात एकही नाही.

“इथं बर्फ नव्हता,” म्हणाले. “उन्हाळ्यात तर नाहीच, हिवाळ्यातही नाही. हा गाळ कुणी आणला?”

आपल्या चिंगीने, मी म्हटलं.

“चिंगी शाळेत आहे. ज्यांनी आणला त्यांना बोलवा. मला त्यांच्याशी बोलायचंय.”

म्हणून हे पत्र बंदरावरच तुझ्या हाती पडेल असं पाठवतेय. धावत घरी येऊन त्यांच्या गळ्यात पडू नकोस, ते घाबरतील. ‘बाबा’ म्हणू नकोस. सरळ प्रयोगशाळेत ये. त्यांच्या शेजारचं स्टूल मी रिकामं ठेवते. तिथं बस, तुझ्या बाजूच्या नळ्यांना डोळे लाव आणि गाळ मी आणला म्हणून सांग. ते तुला अहो-जाहो करतील. रडू आलं तरी मायक्रोस्कोपवरून डोळे उचलू नकोस.

चिखल धुणारी, तुझीच
आई